इटलीतल्या घरगुती खाणावळीत पहिल्यांदा जेवताना

रोमच्या तेस्ताच्चो भागात, बोलोन्याच्या कमानींखाली किंवा पालेर्मोच्या बाजारामागच्या गल्लीत आठ-दहा टेबलांची अशी एखादी जागा हमखास सापडते, जिथे आई चुलीपाशी असते, वडील गल्ल्यावर बसतात आणि मुलगा, मुलगी किंवा सून वाढायला असते. इटालियन भाषेत अशा जागेला त्रात्तोरिया म्हणतात. मराठीत तिला रेस्टॉरंट म्हणण्यापेक्षा खाणावळ म्हणणे अधिक नेमके ठरेल. इथे पहिल्यांदा जाणाऱ्याची पंचाईत भाषेपेक्षा रीतीमुळे जास्त होते. किती वाजता जायचे, कुठे बसायचे, आधी काय मागवायचे आणि न मागवलेली रक्कम बिलात कुठून आली, हे कोणी समजावून सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखे काही आहे असे तिथल्या लोकांना वाटतच नाही.

या रीतींना शिष्टाचार समजून बिचकण्याचे कारण नाही. त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी एका लहान स्वयंपाकघराचा व्यवहार आहे: दोन-तीन माणसांचे हात, चार शेगड्या, सकाळी बाजारातून आलेला माल आणि त्यातून होणारे मोजके पदार्थ. हे ओळखून मागवणाऱ्याच्या पानात त्या घरातले चांगले ते पडते; यादीत छापलेले काहीही केव्हाही मिळालेच पाहिजे असा हट्ट धरणाऱ्याचे पोट भरते, एवढेच.

दाराशी उभे राहून यादी वाचावी

एके काळी नावावरून जागेचा दर्जा कळत असे. रिस्तोरांते म्हणजे पांढऱ्याशुभ्र मेजपोशांची, खर्चिक जागा. त्रात्तोरिया साधी आणि घरगुती. तर ओस्तेरिया मुळात वाईन पिण्याचे ठिकाण, जिथे लोक कित्येकदा खाण्याचे घरून बांधून आणत. आता मात्र चांगल्या महागड्या जागाही हौसेने स्वतःला ओस्तेरिया म्हणवून घेतात, त्यामुळे पाटीवर विसंबण्यात अर्थ नाही. इटलीत दरपत्रक गिऱ्हाइकाला दिसेल असे लावण्याचे कायद्याने बंधन आहे. ते बाहेर उभे राहून सावकाश वाचावे. वाचून पुढे निघून गेल्यास कोणाला राग येत नाही.

यादी जितकी लहान, तितका भरवसा अधिक. चार-पाच पास्ते, चार-पाच मांसाचे किंवा माशाचे पदार्थ, दोन-तीन भाज्या आणि दोन गोड पदार्थ एवढेच एका घराला नीट रांधता येते. यादी हाताने लिहिलेली असेल, फळ्यावर खडूने खरडलेली असेल किंवा तिच्यावर आजची तारीख असेल, तर आत जायला हरकत नाही. पदार्थांचे रंगीत फोटो, सहा देशांचे झेंडे आणि दारात उभे राहून हाताला धरून आत नेऊ पाहणारा माणूस या तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर दोन गल्ल्या पुढे चालत जाणे श्रेयस्कर. ‘मेनू तुरिस्तिको’ या शीर्षकाखाली मिळणारे ठरावीक जेवण नावाप्रमाणेच प्रवाशांसाठी असते. याउलट दुपारी कामगार आणि कचेरीतले लोक खातात ते ‘प्रांझो दी लावोरो’ म्हणजे कामाच्या दिवसांतले ठरावीक दराचे जेवण. साधारण १२ ते १५ युरोंत त्यात पास्ता, दुसरा एखादा पदार्थ, पाणी आणि बरेचदा कॉफीही येते. कमी खर्चात घरचा हात चाखायचा असेल तर यापरता दुसरा चांगला मार्ग मला माहीत नाही.

ऋतूची परीक्षाही याच यादीत होते. रोमचा कार्चोफो, म्हणजे आर्टिचोक, हा फेब्रुवारी ते एप्रिलचा माल. ऑगस्टच्या उकाड्यात तो यादीत ठळकपणे मिरवत असेल, तर तो बर्फातून आला असण्याचा संभव अधिक. पदार्थाच्या नावापुढे बारीक फुली किंवा तारांकन असल्यास तळाची टीप वाचावी. गोठवलेला माल अशा खुणेने कळवण्याची पद्धत आहे. मासळीच्या बाबतीत ही खूण विशेष पाहावी.

वेळ आणि आरक्षण

दुपारचे जेवण साडेबारा ते अडीच आणि रात्रीचे साडेसात-आठपासून साडेदहापर्यंत, हा ढोबळ नेम आहे. दक्षिणेत रात्रीची पंगत नऊच्या पुढेच रंगते. मधल्या वेळात चूल बंद असते आणि तीच माणसे तेव्हा स्वतः जेवतात, उद्याची कणीक मळतात किंवा घटकाभर आडवी होतात. दुपारी चार वाजता पास्ता मागायला जाणाऱ्याला नकार मिळाला, तर त्यात उद्धटपणा काही नाही.

आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते आणि ती दारावर लिहिलेली असते. १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तो या सणाच्या आगेमागे पुष्कळ कुटुंबे दोन-तीन आठवडे खाणावळ बंद करून समुद्रावर जातात. दारावर ‘क्यूझो पेर फेरिए’ असा कागद दिसला, तर त्याचा अर्थ सुट्टीनिमित्त बंद असा होतो. रविवारी दुपारी आजी-आजोबांपासून तान्ह्या मुलांपर्यंत सारी घरे बाहेर जेवायला येतात, म्हणून त्या दिवसाचे टेबल आधीच सांगून ठेवावे.

आरक्षणासाठी फोन पुरतो. ‘व्होर्रेई प्रेनोतारे उन ताव्होलो पेर दूए, आल्ले ओत्तो’ एवढे वाक्य कागदावर लिहून वाचले तरी काम होते. त्याचा अर्थ ‘आठ वाजता दोघांसाठी टेबल राखून ठेवायचे आहे’ असा आहे. मोठ्या शहरांतल्या गर्दीच्या जागी हल्ली रात्री दोन पंगती बसवतात, एक साडेसातच्या सुमारास आणि दुसरी साडेनऊच्या. सावकाश जेवायचे असेल त्याने दुसऱ्या पंगतीचे टेबल मागावे, म्हणजे कोणी उठवायला येत नाही. जाणे रद्द झाले किंवा उशीर होणार असेल तर फोन अवश्य करावा. आठ टेबलांच्या जागेत एक टेबल रिकामे राहिले की त्या रात्रीच्या कमाईचा आठवा हिस्सा जातो.

आत गेल्यावर

आत पाऊल टाकताच समोर दिसेल त्याला ‘बुओनासेरा’ म्हणावे, दुपार असेल तर ‘बुओनजोर्नो’. रिकामे टेबल दिसले म्हणून आपण होऊन बसू नये. ‘सियामो इन दूए’, म्हणजे ‘आम्ही दोघे आहोत’, असे सांगून थांबावे आणि दाखवतील तिथे बसावे. कोपऱ्यातले मोठे टेबल कुणा नेहमीच्या कुटुंबासाठी राखलेले असते आणि त्यावर तशी पाटी असेलच असे नाही. वाढणाऱ्याला हाक मारताना ‘स्कूझी’ म्हणावे. चुटकी वाजवणे किंवा मोठ्याने ओरडणे तिथे फार वाईट दिसते.

टेबलावर कापडाच्या वर जाड कागद पसरलेला असतो. जेवणाऱ्यांची एक फेरी उठली की तो गुंडाळून टाकतात आणि नवा पसरतात. पाठोपाठ पावाची टोपली येते. हा पाव लोण्याशी खायचा नसून जेवणाबरोबर थोडाथोडा तोडून खायचा असतो. तोस्कानात, म्हणजे टस्कनीत, तो बिनमिठाचा लागला, तर मीठ घालायला विसरले असे समजू नये. तिथला पाव परंपरेनेच अळणी असतो. ऑलिव्ह तेलाची बाटली मागितल्यास ती लेबल आणि पुन्हा न भरता येणारे बूच असलेलीच यायला हवी, कारण २०१४ च्या कायद्यानंतर उपाहारगृहात सुटे तेल भरलेली बिननावाची सुरई टेबलावर ठेवता येत नाही.

पावाबरोबरच ‘कोपेर्तो’चा हिशेब सुरू होतो. माणशी साधारण दीड ते तीन युरो अशी ही टेबलाची आकारणी असते. तिच्यात कापड, काटे-चमचे आणि पाव धरलेले असतात, आणि ती दरपत्रकात लिहिलेली असावी लागते. पाव खाल्ला नाही म्हणून ती सहसा माफ होत नाही. रोम ज्या लात्सियो प्रांतात आहे, तिथे मात्र २००६ च्या प्रांतिक कायद्याने कोपेर्तो लावण्यास मनाई केली. म्हणून तिथल्या बिलावर त्याऐवजी ‘पाने’, म्हणजे पाव, अशी ओळ आढळते. पाव नको असेल तर रोममध्ये तो आल्याआल्याच परत पाठवावा आणि ती ओळ बिलातून वगळायला सांगावी.

पाणी आणि वाईन

पाणी बाटलीतून येते आणि त्याचे पैसे पडतात. साधे हवे असेल तर ‘नातुराले’ आणि बुडबुड्यांचे हवे असेल तर ‘फ्रिझान्ते’ म्हणावे. वाईन घेणाऱ्याने यादीत डोके न घालता ‘व्हीनो देल्ला काझा’, म्हणजे घरची वाईन, पाव लिटर किंवा अर्धा लिटर मागवावी. ती काचेच्या सुरईत येते आणि बहुधा त्याच प्रदेशातली असते. न पिणाऱ्याला कोणी आग्रह करत नाही.

जेवणाचा क्रम

नवख्याचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो, म्हणून हा भाग थोडा विस्ताराने सांगतो. यादीचे पाच भाग असतात. ‘आंतिपास्ती’ म्हणजे सुरुवातीचे थोडके खाणे. ‘प्रिमी’ म्हणजे पास्ता, भात किंवा सूप. ‘सेकोंदी’ म्हणजे मांस किंवा मासळी. ‘कोंतोर्नी’ म्हणजे भाज्या आणि सॅलड. आणि ‘दोल्ची’ म्हणजे गोड पदार्थ. सेकोंदो ताटलीत एकटाच येतो. त्याच्याबरोबर बटाटा किंवा भाजी आपोआप येईल अशी वाट पाहत बसू नये. ती कोंतोर्नोमधून वेगळी मागवावी लागते आणि तिचे पैसेही वेगळे लागतात. पास्ता हा मांसाच्या कडेला लावून घ्यायचा पदार्थ नाही. तो आधी येतो, संपतो, ताटली उचलली जाते आणि मगच पुढचे येते.

पाचही भाग मागवण्याची सक्ती मुळीच नाही. सणासुदीचे जेवण सोडले तर तिथली माणसेही एवढे खात नाहीत. दोघांत एक आंतिपास्तो, मग प्रत्येकी एक प्रिमो, आणि भूक उरली तर दोघांत एक सेकोंदो व एक भाजी, हे माप पुरेसे होते. वाटून खायचे असल्यास ‘दा दिव्हीदेरे’ असे मागवतानाच सांगावे, म्हणजे बरीच घरे स्वयंपाकघरातच दोन ताटल्यांत वाढून आणतात. मुलांसाठी ‘मेद्झा पोर्त्सियोने’, म्हणजे अर्धे माप, मागता येते, आणि मसाला नको असणाऱ्या लहानग्यांसाठी लोणी किंवा तेल आणि किसलेले चीज घातलेला पांढरा पास्ता यादीत नसला तरी करून देतात. जेवणारे चौघे असतील आणि प्रत्येकाला वेगळा पास्ता हवा असेल, तर थोडा वेळ लागणार हे धरून चालावे. एकाच प्रकारचा पास्ता दोघा-दोघांनी मागवला, की तो एकाच भांड्यात शिजतो आणि लवकर येतो.

यादी समोर ठेवून झाल्यावर वाढणारा मुलगा टेबलाशी उभा राहून तोंडी काही पदार्थ सांगतो. हे ‘फुओरी मेनू’, म्हणजे यादीबाहेरचे, त्या दिवसाचे पदार्थ असतात. माझ्या मते सगळ्या भेटीतला सर्वांत मोलाचा क्षण हाच, आणि भाषा कळत नाही म्हणून नवखे लोक नेमका तोच नुसती मान डोलावून घालवतात. सावकाश सांगायला लावावे, नाव कागदावर लिहून घ्यायला सांगावे आणि तोंडी सांगितलेल्या पदार्थाची किंमत न संकोचता विचारावी: ‘क्वांतो कोस्ता?’ त्याने काही सांगितलेच नाही, तर आपण विचारावे: ‘कोझा चे दी बुओनो ओज्जी?’, म्हणजे ‘आज चांगले काय आहे?’ या प्रश्नाला मिळणारे उत्तर बहुधा सकाळच्या बाजारातून आलेले असते.

कोणत्या गावात काय मागावे हेही ठाऊक असावे, कारण इटलीचे जेवण असे एकच एक नसून प्रत्येक गावाची चव निराळी असते. रोमची ओळख चार पास्त्यांत आहे: काचो ए पेपे, ग्रीचा, आमात्रिचाना आणि कार्बोनारा. पहिल्यात फक्त पेकोरिनो रोमानो हे मेंढीच्या दुधाचे चीज आणि मिरी असते. त्यात ग्वांचाले, म्हणजे डुकराच्या गालाचे खारवलेले मांस, आले की ग्रीचा होते. ग्रीचात टोमॅटो आला की आमात्रिचाना आणि टोमॅटोऐवजी अंडे आले की कार्बोनारा. कार्बोनारात साय किंवा क्रीम नसते. मऊपणा अंडे, चीज आणि पास्ता उकळलेल्या पाण्याने येतो. वारांचाही तिथे जुना नेम आहे: गुरुवारी न्योक्की, म्हणजे बटाट्याचे उकडलेले छोटे गोळे, शुक्रवारी मासळी, शनिवारी त्रिप्पा, म्हणजे जनावराची वजडी. पुष्कळ घरे तो आजही पाळतात.

बोलोन्यात ‘स्पागेत्ती बोलोन्येझे’ मागू नये. तिथे मांसाचा रागू, म्हणजे दाट रस्सा, ताल्यातेल्ले या अंड्याच्या रुंद पट्ट्यांवर घालतात, आणि त्या गावाने ही गोष्ट इतकी मनावर घेतली आहे, की १९७२ मध्ये ताल्यातेल्लेची रुंदी आणि १९८२ मध्ये रागूची कृती तिथल्या वाणिज्य मंडळात रीतसर नोंदवून ठेवण्यात आली. शिजलेल्या पट्टीची रुंदी ८ मिलिमीटर, म्हणजे गावातल्या असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७०वा भाग, असे त्या नोंदीत ठरले आहे. स्वयंपाकघरात फूटपट्टी कोणी लावत नाही; हाताने लाटलेली पट्टी जाडी-रुंदीला किंचित कमीजास्त असते आणि तोच ती हाताची असल्याचा पुरावा. जेनोव्हात पेस्तो, म्हणजे बेसिलचा पाला, चीज आणि तेल यांची वाटलेली चटणी, मागावा. तिथे तो बटाट्याच्या फोडी आणि हिरव्या शेंगांबरोबर त्रोफिए किंवा त्रेनेत्ते या पास्त्यात कालवून देतात. कातानियात तळलेली वांगी, टोमॅटो आणि किसलेला खारा रिकोत्ता घातलेला ‘पास्ता आल्ला नोर्मा’ मिळतो.

शाकाहारी मंडळींसाठी

‘सोनो व्हेजेतारियानो’ किंवा स्त्री असल्यास ‘सोनो व्हेजेतारियाना’ एवढ्यावर थांबू नये. ‘नोन मांजो कार्ने, ने पेश्शे’, म्हणजे ‘मी मांस खात नाही आणि मासेही नाही’, असे स्पष्ट सांगावे आणि शंका असेल तिथे एकेक जिन्नस विचारावा. ‘कार्ने’ म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे मांसाचा तुकडा येतो. पास्त्यात पडलेले पान्चेत्ताचे, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाचे, चार कण किंवा सॅलडमधला ट्यूना त्यांच्या लेखी त्यात बसत नाही. हे फसवणे नसून शब्दाची व्याप्ती वेगळी असणे आहे.

विचारण्याजोग्या जागा ठरलेल्या आहेत. रिझोत्तो हा भात आणि मिनेस्त्रोने हे भाज्यांचे सूप यांत ‘ब्रोदो’, म्हणजे मांसाचे पाणी, आहे का ते पाहावे. चवळीसारख्या घेवड्याचा ‘पास्ता ए फाजोली’ दिसायला निव्वळ कडधान्याचा, पण त्यात बरेचदा डुकराची चरबी किंवा पान्चेत्ता असते. ‘ओरेक्येत्ते कोन चीमे दी रापा’ या दक्षिणेतल्या पुल्या प्रांताच्या पास्त्यात हिरव्या पाल्याबरोबर खारवलेली आंचोव्ही मासळी विरघळवलेली असते. ती वगळून करून द्या म्हटले तर सहसा करतात. पार्मिज्यानो रेज्यानो आणि पेकोरिनो रोमानो या दोन्ही चीजांत प्राण्याच्या जठरातले विरजण वापरण्याचा नियमच आहे, तेव्हा ज्यांना ते चालत नाही त्यांनी ‘सेन्त्सा फोर्माज्जो’, म्हणजे चीज न घालता, असे सांगावे आणि पेस्तोपासूनही दूर राहावे. अंडे न खाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की उत्तरेकडच्या, विशेषतः बोलोन्याभोवतालच्या एमिलिया भागातल्या, ताज्या पास्त्यात अंडे असते, तर दक्षिणेतला रव्याचा पास्ता पाणी आणि पिठाचा असतो.

एवढे सारे सांगितल्यावर उपाशी राहावे लागेल असे वाटेल, पण वस्तुस्थिती उलट आहे. साधा टोमॅटोचा स्पागेत्ती यादीत नसला तरी जवळजवळ कुठेही करून मिळतो. रोममध्ये लसूण-मिरचीवर परतलेली चिकोरिया ही कडसर पालेभाजी, पुदिन्यासारख्या पाल्याने भरलेला ‘आल्ला रोमाना’ कार्चोफो आणि गेत्तो या जुन्या यहुदी वस्तीतून आलेला, अख्खा तळून फुलासारखा उमललेला ‘आल्ला जुदीया’ कार्चोफो. पुल्यात वाटलेल्या बाकल्याच्या डाळीवर वाढलेली चिकोरिया. तोस्कानात शिळ्या पावाचा आणि टोमॅटोचा ‘पाप्पा आल पोमोदोरो’. सिसिलीत वांग्याची आंबटगोड कापोनाता. दोन-तीन कोंतोर्नी आणि एक पास्ता एवढ्यावर शाकाहारी माणसाचे जेवण कित्येकदा सोबतच्यांपेक्षा चांगले होते. कांदा-लसूणही वर्ज्य असेल तर मात्र आरक्षणाच्या फोनवरच सांगावे, कारण टोमॅटोचा रस्सा सकाळीच तयार करून ठेवलेला असतो.

ॲलर्जी असणाऱ्यांनी ती सांगण्यात संकोच करू नये. युरोपीय संघाच्या नियमानुसार डिसेंबर २०१४ पासून १४ ठरावीक घटकांची माहिती गिऱ्हाइकाला देणे बंधनकारक आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती यादीत आकड्यांनी किंवा वेगळ्या पुस्तिकेत असते.

वजनावर विकले जाणारे पदार्थ

लिगुरियाच्या किनाऱ्यावरच्या एका गावात मी यादीत भाजलेल्या माशापुढे ‘६,००’, म्हणजे सहा युरो, हा आकडा वाचून खूश झालो होतो. त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत ‘एत्तो’ हा शब्द होता, तिकडे लक्ष गेले नाही. एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. मासा डोक्या-काट्यासकट १,१५० ग्रॅम भरला आणि बिलात ६९ युरो लागले. चूक सर्वस्वी माझी होती, म्हणून भांडणाला जागाही नव्हती. तेव्हापासून अख्खा मासा मागवताना तो शिजवण्याआधी दाखवायला आणि वजन सांगायला सांगतो: ‘क्वांतो पेझा?’ चांगल्या घरांत मासा थाळीत घालून टेबलापाशी आणून दाखवण्याची पद्धत आहेच. फिरेन्झेची, म्हणजे फ्लॉरेन्सची, ‘बिस्तेक्का आल्ला फियोरेन्तिना’ ही हाडासकट कापलेली गोमांसाची जाड चकतीही अशीच वजनावर मिळते. ती सहसा किलोच्या घरात किंवा त्याहून मोठी असते आणि दोघा-तिघांसाठी असते. ती आतून लालसरच वाढतात, आणि पूर्ण शिजवून द्या असे सांगणाऱ्याला पुष्कळ ठिकाणी दुसरे काहीतरी घ्या असे सुचवले जाते.

ताट समोर आल्यावर

पास्ता आला की खायला सुरुवात करावी; सगळ्यांची ताटे येईपर्यंत थांबण्यापेक्षा गरम खाण्याला तिथे अधिक मान आहे आणि सोबतचे लोकही तसेच सुचवतात. तेस्ताच्चोतल्या एका खाणावळीत काचो ए पेपे समोर आल्यावर मी फोटो काढत बसलो. दीड-दोन मिनिटे गेली असतील. मलईसारखा दिसणारा रस्सा तेवढ्यात थिजला, पेकोरिनोच्या गुठळ्या झाल्या आणि शेवयांचा एक गोळा काट्याला लटकू लागला. मालकीणबाई शेजारच्या टेबलावरचा कागद बदलत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. आत जाऊन पास्त्याचे दोन चमचे उकळते पाणी घेऊन आल्या, माझ्या ताटलीत ओतले, माझ्याच काट्याने भराभर ढवळले आणि काटा हातात देऊन तिथेच उभ्या राहिल्या. पहिला घास गिळेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

स्पागेत्ती सुरीने कापू नये. दोन-चार तारा काट्यावर घेऊन ताटलीच्या कडेशी गुंडाळाव्यात. मासळीच्या पास्त्यावर किसलेले चीज मागू नये, त्याने समुद्राची चव झाकली जाते असे तिथल्या स्वयंपाक्यांचे म्हणणे असते. पास्ता दाताला किंचित लागेल इतपतच शिजवलेला असतो; तो कच्चा नसतो. शेवटी ताटलीत उरलेला रस्सा पावाच्या तुकड्याने पुसून खाण्याला ‘स्कार्पेत्ता’ म्हणतात. थाटामाटाच्या जागी ते चालत नाही, पण घरगुती खाणावळीत पुसून लख्ख झालेली ताटली परत गेली की आत समाधान वाटते.

दोन पदार्थांच्या मध्ये पंधरा-वीस मिनिटे जाणे नेहमीचे आहे. विसरले असतील असे समजून दर पाच मिनिटांनी विचारू नये.

गोड पदार्थ आणि कॉफी

तिरामिसू किंवा पान्ना कोत्ता घरात केलेले आहे का, हे ‘फात्तो इन काझा?’ असे विचारून घ्यावे. तिरामिसूत कच्चे अंडे असते आणि कधीकधी मार्सालासारखी मद्येही असतात. कॉफी गोड पदार्थाबरोबर न येता त्याच्यानंतर येते, आणि ‘काफ्फे’ म्हणजे एस्प्रेसोचा लहानसा पेला. कापुच्चिनो हे सकाळचे पेय आहे. जेवणानंतर मागितल्यास देतील, पण भुवया किंचित वर जातील. कॉफी म्हणून ‘लात्ते’ मागितले तर नुसते दूधच येईल. सगळे झाल्यावर घरचा लिमोंचेल्लो, म्हणजे लिंबाचे गोड मद्य, किंवा आमारो, म्हणजे कडवट मद्य, बाटलीसकट टेबलावर आला, तर तो बहुधा घराकडून असतो. एक पेला घ्यावा आणि बाटली तिथेच सोडावी.

बिल

बिल आपण होऊन आणत नाहीत, कारण जेवणाऱ्याला उठवल्यासारखे ते दिसते. ‘इल कोंतो, पेर फाव्होरे’ असे म्हणावे, किंवा पुष्कळ ठिकाणी थेट गल्ल्याशी जाऊन टेबल दाखवावे. वडील कागदावरचा हिशेब तिथेच करतात. कोपेर्तो किंवा पाव, पाण्याच्या बाटल्या आणि वजनाचे पदार्थ या तीन ओळी तपासाव्यात. ‘सेर्व्हित्सियो’ अशी टक्केवारी लावलेली असेल तर ती सेवेची आकारणी असते आणि तीही आधी दरपत्रकात लिहिलेली असायला हवी. ती असो वा नसो, टिप देण्याची सक्ती नाही. ३७ युरोंच्या बिलाला ४० ठेवून उठणे नेहमीचे आहे, आणि काहीच न ठेवता मनापासून आभार मानणेही तितकेच चालते.

चौघांनी चौघांचे वेगवेगळे बिल मागू नये. ते ‘आल्ला रोमाना’, म्हणजे एकूण रकमेचे सारखे भाग करून, द्यावे आणि आपसातला हिशेब नंतर करावा. कार्ड स्वीकारणे व्यावसायिकांवर बंधनकारक आहे आणि जून २०२२ च्या अखेरीपासून नकार दिल्यास दंडाची तरतूदही आहे. तरी लहान गावात यंत्र बिघडलेले असू शकते, म्हणून खिशात थोडी रोख असावी. पैसे दिल्यावर छापील पावती घ्यावी. हाताने खरडलेला हिशेबाचा कागद ही पावती नव्हे.

जेवण आवडले असेल तर निघताना स्वयंपाकघराच्या दारात डोकावून ‘ग्रात्सिए, बुओनीस्सिमो’ म्हणावे आणि उद्या काय आहे ते विचारून घ्यावे. तो दिवस बुधवार असेल आणि गाव रोम असेल, तर बहुधा एकच उत्तर येईल: न्योक्की.